पोटावर झोपून पाहिलेलं फूल
जपानातल्या इचिकावा शहरातल्या माझ्या घरात पाइनच्या वासाच्या फिनाइलनं फरशी पुसली, की मला जपानी आल्प्समधली ऑफिसची सहल आठवते. पुण्याहून आलेली आई सोबत होती. वनस्पतिशास्त्राची शिक्षिका म्हणून तिनं उंच पर्वतावरची झाडं आयुष्यभर फळ्यावर काढली होती. त्यातल्या एकाचं तरी फूल तिला प्रत्यक्ष बघायचं होतं. वाऱ्यानं आडवी झालेली गुडघाभर पाइनची झुडपं संपली, नुसती खडी सुरू झाली आणि धुकं उतरू लागलं. दोन काठ्या आणि उंची सांगणारं घड्याळ बाळगणाऱ्या आमच्या मुंबईकर साहेबांनी जाहीर केलं, “याच्या वर काही उगवत नाही. चला परत.” मी वळून पाहिलं, तर आई वाटेवरच पालथी! “आई, पडलीस?” “झोपलेय. तूही झोप, उभ्यानं नाही दिसायचं.” खडीतून कोमाकुसाचं बोटभर रोप वर आलं होतं, त्याला गुलाबी फूल. “मूळ दोन हात खोल असेल हं,” ती साहेबांना म्हणाली, “या ना, बघा तुम्हीही.” साहेबांनी काठ्या टाकल्या आणि तेही पालथे झाले; मग सगळं ऑफिस. ऑफिसच्या इतक्या फोटोंपैकी मी भिंतीवर लावलाय तो हा एकच: ओळीनं महागड्या बुटांचे तळवे, आणि मधोमध मान वळवून हसणारी आई.