ओटीतला गूळ

मी मौन धरणार म्हटल्यावर घरात सगळ्यात जास्त हसले ते आमचे हे, आणि त्या हसण्याला आवाज नव्हता. त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन होऊन काही महिने झाले होते. गाठ साधीच निघाली, पण आवाज गेला. बोलायला जावं तर नुसती हवा बाहेर यायची. डॉक्टर म्हणाले, आवाज परत येईल, कदाचित येणारही नाही, वाट पाहा. अकोल्यातल्या आमच्या जठारपेठेतल्या गल्लीत नवरात्राच्या आरतीचा पहिला सूर वर्षानुवर्षं ह्यांचा. त्या वर्षी घट बसले आणि आरतीची घंटा वाजली, तेव्हा हे आतल्या खोलीत दार लोटून बसले. त्या लोटलेल्या दाराकडे बघून माझा देवीवरचा विश्वास डळमळला, हे लपवून काय करू? इतकी वर्षं हिच्यापुढे दिवा लावला, आणि हिने माणसाचं नेमकं तेच काढून घेतलं ज्यावर तो जगतो, असं मनात येऊन गेलं. रागही आला आणि रागाची भीतीही वाटली.

मग मी नवस बोलले. ह्यांचा आवाज परत दे, मी याच नवरात्रात तुझी ओटी मुक्यानं आणीन. घराच्या उंबऱ्यापासून अमरावतीला अंबादेवीच्या पायापर्यंत एक शब्द बोलणार नाही. मला ओळखणाऱ्यांना कळेल की यापेक्षा अनवाणी चालणं सोपं होतं. आमच्या सासूबाईंची शिस्त तर वेगळीच होती. ओटीची गाठ मारली की ती देवीची झाली. वाटेत ती खाली ठेवायची नाही, आणि गाठ तर मुळीच सोडायची नाही. नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नैवेद्याचा गुळाचा खडा आत बांधायचा. हिरव्या बांगड्या फुटू नयेत म्हणून त्या तेवढ्या निघताना वरून ठेवायच्या. सुनेनं मला बसमध्ये बसवून दिलं, कंडक्टरला सांगितलं, "आईंचं मौन आहे, अमरावतीला उतरवून द्या," आणि ती गेली.

बस अकोल्याबाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आलं की बांगड्या देव्हाऱ्यावरच राहिल्या. हळदकुंकू लावून मीच तिथे ठेवल्या होत्या. बाईच्या देवाला बाईनं ओटी न्यायची आणि त्यात बांगड्या नाहीत! सुनेला फोन करावा तर बोलता येईना. अमरावतीत विकत घ्याव्या तर दुकानदाराला खुणेनं काय काय सांगणार? डोळ्यांत पाणी आलं. आधीच रुसलेल्या देवीकडे मी अपुरी ओटी घेऊन निघाले होते. मूर्तिजापूर येऊन गेलं तरी मी तीच गोष्ट घोळवत होते.

समोरच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं. बाई बुरख्यात, चेहरा उघडा. तिच्या पायाशी चादरीत बांधलेली मोठी पेटी होती, आणि खड्डा आला की ती दोन्ही हातांनी पेटी धरायची. मूर्तिजापूर मागे पडल्यावर तिचा नवरा, ते म्हातारे चाचा, डुलायला लागले. काहीतरी असंबद्ध बडबडले, शेजाऱ्याच्या अंगावर कलंडले. शेजारी उठून उभा राहिला. मागून कोणीतरी म्हणालं, "सकायीच चढवून आलेला दिसते." दुसरा म्हणाला, "उतरवा ना याले इथंच." बाई उठली आणि साऱ्या बसकडे तोंड करून म्हणाली, "बाबाहो, दारू नाही, अल्लाची कसम. शुगर हाय यायले. सकायी सुई घेतली अन पोटात काई नाही. कोनापाशी गोड हाय का? साखर, गूळ, काई बी."

नवरात्राचे दिवस. कोणाकडे शेंगदाणे, कोणाकडे वेफर्स. एकानं पाण्याची बाटली पुढे केली. बाकीचे खिडकीबाहेर पराटीची, कपाशीची शेतं बघायला लागले. लोक वाईट होते असं नाही. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्या कोणाकडे तरी असेल. तिची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत माझ्यावर आली आणि मी ओटी छातीशी घट्ट धरली. हो, धरली. कारण माझ्याकडे गूळ होता आणि तो माझा नव्हता. ही गाठ सोडली तर नवस मोडेल, नवस मोडला तर ह्यांचा आवाज... पुढचं मनातही पुरं करवेना. तिच्या चेहऱ्यावर जशी भीती होती तशीच माझ्या छातीत होती. तिलाही तिचा माणूस हवा होता आणि मलाही माझा.

त्याच वेळी मला का कोण जाणे माझ्या माहेरचं अंगण आठवलं. उन्हातून कोणीही दारात आलं की माझी आई नाव-गाव विचारायच्या आधी गूळ-पाणी पुढे करायची. देवीचं दार यापेक्षा लहान असेल का? मी गाठ सोडली. नखानं ती सुटेना तेव्हा दातांनी सोडली. गुळाचा खडा काढून तिच्या हातात दिला. तोवरही मी मौन सांभाळून होते, एक मोडलं तरी दुसरं वाचवू या हिशेबानं. पण चाचा दात आवळून बसलेले, गूळ काही तोंडात जाईना, आणि लोक भोवती गर्दी करून वारा अडवत होते. तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते साऱ्या बसनं ऐकलं. "सरका मागं! वारा येऊ द्या! ड्रायव्हरभाऊ, गाडी बाजूले घ्या!" सकाळपासूनचं तुंबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. बाटलीच्या झाकणात गूळ कुस्करून पाणी केलं. मी म्हटलं, "चाचा, घ्या, देवीचा प्रसाद आहे." त्यांनी डोळे किलकिले करून तोंड उघडलं. घोट घोट करत ते प्यायले. थोड्या वेळानं घाम ओसरला आणि ते बायकोला म्हणाले, "कायले रडून राहिली तू?" बसमधले सगळे हसले. ज्यानं उतरवा म्हटलं होतं त्यानंच आपल्या जागेवर त्यांना आडवं केलं.

बडनेरा येईपर्यंत मी गप्प होते, यावेळी नवसानं नव्हे. सोडलेली ओटी मांडीवर पसरलेली, तांदूळ लुगड्यावर सांडलेले. ते बघून चाची म्हणाली, "देवीची होती का वो?" मी मान हलवली. "अन बांगड्या?" मी सांगितलं, घरी राहिल्या. मग वाकून तिनं पायाशी असलेल्या पेटीची चादर सोडली. आत रांगेनं बांगड्या होत्या, लाल, पिवळ्या, आणि एका बाजूला नुसत्या हिरव्यागार. "दरसाल अंबादेवीच्या यात्रेत दुकान लागते आमचं," ती म्हणाली. "माह्या सासूच्याही आधीपासून." तिनं हिरव्या बांगड्या निवडल्या, एकेक वाजवून पाहिली, चिरलेली नाही ना म्हणून, आणि माझ्या तांदळांवर ठेवल्या. मी पिशवीत हात घातला तर तिनं तो दाबून धरला. अकोल्यापासून त्या बांगड्या माझ्यापासून हातभर अंतरावर होत्या आणि मी त्यांच्यासाठी रडत होते.

देवीपुढे उभी राहिले तेव्हा सांगितलं, आई, गूळ नाही, मौन नाही, गाठ दुसऱ्यांदा मारलेली आहे. जे उरलं ते घे. इतकं बोलून रडू आलं आणि मन फार हलकं झालं. ह्यांच्या आवाजाचं मागायचं त्या गडबडीत राहूनच गेलं.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, नवस मोडला हो माझा. ते त्या हवेसारख्या आवाजात म्हणाले, "अवं, देवीले मुकी बाई पायजे असती, तर तिनं तुले कायले घडवलं असतं?" त्या रात्री आरतीला ते बाहेर आले. म्हटलं काहीच नाही, नुसत्या टाळ्या वाजवल्या.

थंडीच्या दिवसांत आवाज हळूहळू परत आला. पूर्वीचा नाही, जाडसर, खालच्या पट्टीतला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. मी त्यावर वाद घालत नाही. आवाज आला नसता तरी त्या दिवशीचं मला मिळालेलं खोटं ठरलं नसतं, एवढं मात्र मला ठाऊक आहे. देवीला काय द्यायचं हे मी घरून ठरवून निघाले होते, तिनं तिला हवं ते वाटेतच मागून घेतलं. ओंजळ उघडायची तेवढी माझ्याकडे होती.

यंदा आम्ही दोघं मिळून निघालो. ओटीची गाठ मी सैलच मारली आणि गुळाचे दोन खडे जास्त घेतले. दाराशी सून हिरव्या बांगड्या घेऊन धावत आली, "आई, पुन्हा विसरल्या!" म्हटलं, "राहू दे गं. त्या माझ्यासाठी तिथे ठेवलेल्या असतात."