अर्ध्या बादलीची गाडी

ऐरोलीच्या आमच्या सोसायटीत गाड्या पुसायला रोज सकाळी एक काका येतात. नाव मी कधी विचारलं नाही. त्यांचा नियम एकच: एका गाडीला एक बादली, वर थेंब नाही.

माझी जुनी लाल स्पोर्ट्स कार अर्ध्या बादलीतच चकचकीत व्हायची. एका बाजूला उभं राहून ते गाडीचं अख्खं छत पुसायचे आणि उरलेलं पाणी गेटजवळ स्वतः लावलेल्या पपईच्या रोपाला घालायचे.

मग मी त्याच गाडीचं नवं मॉडेल घेतलं. नाव तेच, रंग तोच, पण पार्किंगच्या पिवळ्या पट्ट्यांत ती मावेना. बाजारात म्हैस पारखावी तशी काकांनी तिच्याभोवती फेरी मारली.

"साहेब, ही तीच हाय?"

"तीच. फक्त पुढची पिढी."

"खानंपिनं बरं हाय पिढीचं!"

आता अख्खी बादली गाडीच प्यायची. महिन्याभरात पपईची पानं पिवळी पडली. मी दुसरी बादली घ्या म्हटलं, तर काका फडकं पिळत म्हणाले, "नेम म्हंजे नेम. आनि गाडी वाढून काय देनार, साहेब? हे झाड वाढलं तर पपई तरी देनार."

तेव्हापासून माझी गाडी एक दिवसाआड धुतली जाते; मधल्या दिवशीची बादली पपईला. सोसायटीतली पोरं धुळीत बोटानं चित्रं काढतात.

परवा बॉनेटवर एक पिकलेली पपई ठेवलेली दिसली. सगळी गाडी धुळीनं माखलेली होती. पपईपुरती जागा मात्र काकांनी लख्ख पुसली होती.