घमेल्यातली गुप्तहेर

नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर देठं खुडणारी एक बाई रिकाम्या घमेल्यात मोबाईल ठेवते, म्हणजे ऑडिओबुक सगळ्याजणींना ऐकू जातं. उडत्या गाड्यांच्या जमान्यातली गुप्तहेर, तिचे तपास, तिचा रुसका प्रियकर. गोष्ट रंगली तरी बाईचे हात थांबत नाहीत, मान तेवढी घमेल्याकडे कलते.

मी पडलो मिरचीचं गिऱ्हाईक, पण पुढचे भाग ऐकलेला. काल शहाणपणा करून खुन्याचं नाव सांगून बसलो. बाई फणकारली,

"सांगी टाकं ना, भाऊ? आते बठा आठे, देठ खुडा! पन लगीन व्हई का नही, ते बोलू नका!"

देठं खुडत बसलो. शेवटी गुप्तहेर पोरीनं लग्नाला होकार दिला, बायांनी टाळ्या पिटल्या. मी मात्र घळाघळा रडत होतो. मिरचीच्या हातानं डोळे चोळले होते.

बाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "इतलं मनवर लेवू नका, भाऊ. जमनी ना जोडी!"