पुढचा डावा

आमचा दादा भित्रा आहे. हे मी त्याच्या तोंडावरही म्हणते आणि तो नुसता "बरं" म्हणतो. घराला कुलूप लावलं की दोनदा ओढून बघतो, जिना उतरतो, परत वर येऊन तिसऱ्यांदा ओढतो. वहिनी सांगते, "लग्न ठरलं तेव्हाही ह्यांनी मला दोनदा विचारलं, नक्की हो म्हणालीस ना?" असा माणूस ताशी तीनशेच्या वेगाने पळणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीत बावीस वर्षं टिकला कसा, याचं लोकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. भित्रा म्हणूनच टिकला.

त्याआधी तो हमरस्त्यावर ट्रकच्या पंक्चरच्या दुकानात होता. एकोणीस वर्षांचा असताना एका ट्रकवाल्याने झिजलेला टायर दाखवून विचारलं, "चालेल का पुढच्या गावापर्यंत?" दादा म्हणाला, "चालेल." चालला नाही. त्या माणसाचा एक पाय गेला. तेव्हापासून दादाने "चालेल" हा शब्दच टाकून दिला. जेवायला आमटी पुरेल का विचारलं तरी म्हणतो, "तीन वाट्या आहेत."

शर्यतीच्या संघात त्याचं काम मोजायचं. नव्या टायरच्या अंगावर बारीक बारीक भोकं असतात, त्यांत सुई घालून खोली बघायची. टायर झिजला की भोक उथळ होतं. वीस फेऱ्यांत किती उथळ झालं हे कळलं की अजून किती फेऱ्या निघतील त्याचा हिशोब लागतो. पण गाडी परत येताना तापलेल्या टायरला वाटेतले रबराचे कण चिकटतात. ते आधी गरम हवा मारून पट्टीने खरवडायला लागतात. नाहीतर सुई त्या चिकटलेल्या थरावर टेकते आणि टायर आहे त्यापेक्षा जाड दिसतो. म्हणून संघात त्याचं नाव खरवड्या पडलं. खरवडून झालं की तो टायरवर खडूने फुली मारतो. फुली दिसल्याशिवाय सुई लावायची नाही, हा त्याचाच नियम.

दादा मोजतो त्याच तंबूत मी असते. टायर तापवायची विजेची पांघरुणं असतात, ती उसवली की मी शिवते. देवाचं नाव घेत टाके घालायचे, तेवढंच मला येतं.

दादाचा आकडा जातो तो ज्योतिषीबाईंकडे. त्या काही खऱ्या ज्योतिषी नव्हेत. समोर तीन पडदे घेऊन बसतात आणि कोण कितव्या फेरीला टायर बदलेल, पाऊस येईल का, कोण कितवा येईल ते सांगतात. दहातल्या सात वेळा खरं ठरतं. त्यांना तोंडावर ज्योतिषीबाई म्हटलेलं चालतं, फक्त आकडा उशिरा दिलेला चालत नाही.

त्या शुक्रवारी सराव संपला आणि त्यांचं सुरू झालं, "काका, आकडा! काका, झोपलात की काय?" दादाचा गुडघा दुखत होता. चार वेळा वाकायला नको म्हणून त्याने चारही टायरांवर एकदमच फुल्या मारून टाकल्या. आता खरवडणारच आहोत, मग काय! तीन खरवडले. चौथा म्हणजे पुढचा डावा, जो या रस्त्यावर सगळ्यांत जास्त झिजतो. त्याला गरम हवा मारून झाली आणि इकडे माझ्या हातातल्या पांघरुणाच्या वायरीतून धूर निघाला. मी किंचाळले, "दादा, धूर!" तो धावत आला. वायर काढली, माझे हात उलटसुलट करून बघितले, मग परत गेला. चारही टायरांवर फुल्या होत्या. त्याने मोजलं आणि आकडा देऊन टाकला.

हे सगळं मला शुक्रवारी कळलं नाही. कळलं ते रविवारी, शर्यत चालू असताना.

ज्योतिषीबाईंनी त्या आकड्यावर सगळा डाव मांडला होता. एकूण साठ फेऱ्या. आपल्या गाडीने विसाव्या फेरीला टायर बदलायचे आणि त्यावरच शेवटपर्यंत चाळीस फेऱ्या काढायच्या. बाकीचे दोनदा थांबणार, आपण एकदाच. आकडा सांगत होता की टायर पन्नास फेऱ्या निघेल. गाडी चालवणारा होता आमचा मौनी. रेडिओवर बाकीचे रडतात, भांडतात, शिव्या देतात. हा फक्त "हं" म्हणतो. चौतीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप. तंबूत आला की मला वाकून नमस्कार करतो, तोही न बोलता.

पंचेचाळीस फेऱ्या झाल्या होत्या आणि मौनी तिसरा होता. मी मागे शुक्रवारच्या टायरांवर टाकून ठेवलेली रिकामी पांघरुणं गोळा करत होते. पुढच्या डाव्यावर हात टेकला तर हाताला वेगळंच लागलं. बाकीचे तीन खरखरीत आणि हा गुळगुळीत. सहज नख लावलं तर साल निघाली. चांगली बोटभर. वर फुली होती, खाली साल.

इतकी वर्षं या तंबूत बसल्यावर त्या सालीचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती. गाडी याच जातीच्या टायरांवर पंचवीस फेऱ्या पळून झाली होती. एक क्षण मनात आलं, सांगायलाच नको. नोकरी जाईल त्याची. मग मौनीचा वाकलेला माथा डोळ्यांसमोर आला आणि मीच माझ्या तोंडावर हात मारून घेतला.

"दादा, हा खरवडलेला नाही."

"फुली आहे ना?"

"फुली आहे. पण तू खरवडला नाहीस. धूर झाला बघ तेव्हा."

त्याने साल हातात घेतली. गुडघ्यावर बसून त्याने तेवढा तुकडा खरवडला आणि सुई लावली. शुक्रवारी दीड मिलिमीटर भरला होता. आता भरला एक. दुसऱ्यांदा सुई मी धरली. तरी एकच भरला.

"तेहतीस फेऱ्या," तो म्हणाला. "पन्नास नाही. तेहतीस." आणि गुडघा विसरून पळत सुटला. मी मागोमाग.

ज्योतिषीबाईंनी कानावरचं काढलंसुद्धा नाही. "काका, आत्ता नको. तिसरा आहे तो."

"माझा आकडा चुकलाय."

"कितीने?"

"तेहतीस फेऱ्यांत टायर संपतो. अठ्ठावीस झाल्या."

आता त्यांनी कानावरचं काढलं. "तुम्ही कधी चुकत नाही, काका."

"चुकलो. खरवडायच्या आधी फुली मारली. मला काढून टाका, काय करायचं ते करा, पण आधी त्याला आत घ्या!"

त्या रेडिओवर म्हणाल्या, "याच फेरीत आत ये. ऐकतोयस ना? याच फेरीत."

"हं," मौनी म्हणाला.

आणि समोरून गाडी तशीच सरळ निघून गेली. आत वळायची जागा मागे राहिली. निरोप पोचायला एका वळणाचा उशीर झाला होता. म्हणजे आणखी एक अख्खी फेरी. दीड मिनिट. मी डोळे मिटले आणि जप सुरू केला, पण नाव तोंडात येईना. नुसतंच "देवा, देवा". समोरच्या सरळ रस्त्यावर कुठलीही गाडी आली की मी एक डोळा उघडून बघायचे. दादा जमिनीकडे बघत पुटपुटत होता. मला वाटलं तोही जप करतोय. जवळ गेले तर तो एकेक वळण मोजत होता. "नऊ. उजवीकडचं दहा. हे वाईट. अकरा."

गाडी आली. तीन सेकंदांत चाकं बदलली आणि मौनी परत गेला. उतरवलेला पुढचा डावा दादाने हातमोजा न घालताच ओढला. आतल्या कडेला टीचभर लांबीत रबर नव्हतंच. खालचे पांढरे दोरे दिसत होते. शर्यतीत टायर सरावापेक्षाही जास्त झिजला होता.

"किती उरल्या होत्या?" ज्योतिषीबाईंनी हळूच विचारलं.

"एक," दादा म्हणाला. मग म्हणाला, "एकही नाही."

मौनी सातवा आला. उतरल्यावर हेल्मेट हातात धरून थेट तंबूत आला, त्या दोऱ्यांवरून बोट फिरवलं आणि मी ऐकलेलं त्याचं सगळ्यांत लांब वाक्य बोलला. "चार फेऱ्यांपासून स्टिअरिंगमधून हातात थरथर येत होती. सांगितलं असतं तर आत बोलावलं असतं, आणि मी तिसरा होतो."

बावीस वर्षांत दादाने आवाज चढवलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी पाहिला. "तिसरा होतास? घरी पोरी आहेत ना रे तुझ्या? मी चुकलो म्हणून तूही तोंड शिवून बसणार होतास काय? मी कुणाच्या भरवशावर झोपायचं मग?" ओरडता ओरडता तो तिथेच टायरवर बसला आणि रडायला लागला. मौनी त्याच्यासमोर उकिडवा बसून राहिला. नमस्कारही करायचं विसरला.

अहवालात चूक कुणाची हे दादाने स्वतःच्या हाताने लिहिलं. त्याला कामावरून काढलं नाही. तोच ज्योतिषीबाईंना म्हणाला, "मी एकट्याने मोजणार नाही. दुसरं कुणीतरी हात फिरवून बघायला पाहिजे."

"कुणाचा हात चालेल तुम्हाला?"

दादाने माझ्याकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून प्रत्येक टायरवर मी पूर्ण गोल हात फिरवते, नख लावून बघते, मग "हो" म्हणते. ते ऐकल्यावरच तो फुली मारतो. पहिल्या दिवशी चौथ्या टायरवर हात फिरवून झाला तरी मला खात्री वाटेना. दादा खडू हातात घेऊन वाट बघत होता. ज्योतिषीबाई तिकडून ओरडत होत्या, "काका, आकडा!" मी पुन्हा पहिल्यापासून हात फिरवायला लागले.

"घाई नाही," दादा मला म्हणाला.