दहा वाजून दोन मिनिटं

क्लाइव्ह पेंगेलीबद्दल लिही, असं आमच्या रेडिओ क्लबातल्या लोकांनी मला सांगितलं, कारण त्याला सगळ्यात जास्त वर्षं मी ओळखत होतो. ओळखत होतो हे खरं. पण लिहायला माझ्यापेक्षा नालायक माणूस अख्ख्या जिल्ह्यात सापडला नसता, हे त्यांना माहीत नाही. आता लिहितोच आहे तर सरळ लिहितो.

क्लाइव्ह टेलिफोनचा लाइनमन होता. आमच्या वॅराबिन गावापासून वरच्या खोऱ्यापर्यंत जे खांब होते, त्यातल्या निम्म्यांवर तो चढलेला. निवृत्त झाला तेव्हा नोला, त्याची बायको, म्हणाली, "चला, आता तरी हा जमिनीवर राहील." कसला राहतोय! खांब सुटले तर बाबा डोंगरांच्या मागे लागला. पाठीवर पिशवी, पिशवीत विटेएवढा रेडिओ, एक बॅटरी, मासे धरायच्या गळाची घडीची लांब काठी आणि तारेचं वेटोळं. वर पोचला की ती काठी उघडून कुंपणाच्या खांबाला नाहीतर दगडांत उभी करायची, त्यावरून तार सोडायची, गव्हाच्या गोणीवर बसायचं आणि हाका मारायला सुरुवात. चार वेगवेगळ्या माणसांशी बोलणं झालं की तो डोंगर नावावर लागला. तीन झाले तर नाही. चार.

आणि ते चारही एकाच दिवसात. आता दिवस म्हणजे आपला नव्हे. रेडिओवाल्यांचा दिवस ग्रिनिचच्या घड्याळाने बदलतो, म्हणजे आमच्याकडे व्हिक्टोरियात थंडीच्या दिवसांत (आमचा हिवाळा जून-जुलैत) सकाळी दहा वाजता. लोक चहाला बसलेले असतात आणि आमची तारीख उलटते. या भागातल्या शंभर डोंगरांची यादी क्लबाने केली तेव्हा हा नियम यादीखाली मीच लिहिला, आणि नोंदी तपासायचं काम माझ्याकडेच आलं. मी चाळीस वर्षं स्टेशनमास्तर होतो, वेळेचं काम दुसऱ्या कुणाला देणार?

क्लबाच्या भिंतीवर लाकडी फळा आहे. डोंगरांच्या आकड्यांपुढे नावं. शंभराच्या ओळीत आजवर कुणाचंच नाव नाही. क्लाइव्हचे नव्व्याण्णव झाले होते. उरला होता एकच, माउंट ड्रिस्कॉल. त्याची वाट जंगलखात्याच्या फाटकातून जाते आणि ते फाटक जूनमध्ये बंद होतं ते थेट नोव्हेंबरात, घोड्यांच्या मोठ्या शर्यतीच्या, कपच्या सुट्टीला उघडतं. त्यात क्लाइव्हचं हृदय कुरकुरायला लागलेलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "हे शेवटचं. यानंतर पायऱ्यासुद्धा विचारून चढायच्या." वय अठ्ठ्याहत्तर. त्याला तो शंभरावा डोंगर इतका हवा होता, की नोला म्हणायची, "लग्नाच्या वेळी माझ्यासाठी एवढा उतावीळ नव्हता हा मेला!"

मी डोंगरावाला नाही. कंबरेचा सांधा बदलल्यापासून तर अजिबात नाही. मी घरात बसून बोलणारा. माझा सेट मोठा, जुना, काचेच्या दिव्यांचा, तापायला वेळ घेणारा. क्लाइव्ह वर जायचा आणि मी खालून त्याला रेडिओवर धरायचो, असं अकरा वर्षं चाललं. बहुतेक वेळा त्याचा चौथा मीच. तोही वरून नुसते आवाज कसा येतो त्याचे आकडे सांगून थांबायचा नाही. "लेस, मुंग्या चावतायत रे. लेस, नोलाने खजुराच्या वड्या दिल्यात, तुझ्या वाटणीची मी खाल्ली. लेस, इथून तुझं छप्पर दिसतं, पन्हाळ साफ कर." मी ओरडायचो, "अरे बॅटरी संपेल, लेका!" पण ऐकायला आवडायचं. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी क्लबात सॉसेज भाजायचा कार्यक्रम होता. कुणीतरी मला विचारलं, लेस, तू का रे कधी एखादा छोटा डोंगर करत नाहीस? मी तोंड उघडायच्या आत क्लाइव्ह म्हणाला, "लेस? त्याने जन्मभर दुसऱ्यांना गाडीत बसवलं आणि हिरवा बावटा दाखवला. स्वतः कधी प्लॅटफॉर्म सोडलाय का!"

सगळे खो खो हसले. मीही हसलो. पण ते माझ्या जिव्हारी लागलं. माझी बायको रीटा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आम्ही दोघं अमुक बघू, तमुक बघू म्हणत राहिलो आणि खरोखरच कुठे गेलो नाही. क्लाइव्हला ते माहीत होतं. तो चेष्टेत बोलला, त्याच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काय उपयोग? डोक्यात राख घालून मी घरी आलो.

पुढच्या मंगळवारी तो ड्रिस्कॉलवर चढला.

हवा वाईट होती, म्हणजे आमची रेडिओवाल्यांची हवा, आकाशातली नव्हे. दूरचं काही ऐकू येत नव्हतं. नऊ एक्केचाळीसला त्याला पहिला मिळाला, सेहेचाळीसला दुसरा, बावन्नला तिसरा. तिघंही आपापली नोंद करून कामाला गेले. मग तो हाका मारत राहिला. "क्लाइव्ह बोलतोय, ड्रिस्कॉलवरून. कुणी आहे का?" माझ्या खोलीत त्याचा आवाज इतका स्वच्छ येत होता, की तो धापा टाकतोय हेही कळत होतं.

मी सेटपुढेच बसलो होतो. हात बटणावर. मनात म्हटलं, थांब जरा, बाबा. थांब की प्लॅटफॉर्मवर. कळू दे कसं वाटतं ते.

खालून हिरवा बावटा मी दाखवल्याशिवाय तुझी गाडी हलत नाही, एवढंच मला त्याला दाखवायचं होतं. पाच मिनिटं. मी कपात चहा ओतला. तो पुन्हा म्हणाला, "लेस, आहेस का रे?" नावाने हाक मारली. मी चहात साखर घातली.

दहाची सीमा ध्यानात आली नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. खोटं आहे ते. चाळीस वर्षं घड्याळाकडे बघून काढलेल्या माणसाच्या समोर भिंतीवर घड्याळ होतं. नऊ एकोणसाठला मी बटण दाबायला गेलो आणि वाटलं, जरा अजून.

दहा वाजून दोन मिनिटांनी मी त्याला उत्तर दिलं.

"आलास होय," तो म्हणाला. "बरं झालं." एवढंच. मुंग्या नाहीत, वड्या नाहीत. आम्ही एकमेकांना आकडे दिले आणि मी सेट बंद केला नाही, ऐकत राहिलो. नव्या तारखेत त्याला पुन्हा चार हवे होते. माझा एक झाला, आणखी तीन. तो अर्धा तास हाका मारत होता. कुणी उत्तर दिलं नाही. मला कुणाला फोन करून सांगता आलं असतं, अरे जरा रेडिओ लावा. मी केला नाही. मग बॅटरी संपली असावी, आवाज बारीक होत होत गेला.

गुरुवारी त्याने वही माझ्यापुढे ठेवली. तो पेन्सिलीने लिहायचा, कारण वर थंडीत पेन चालत नाही. चार वेळा नीट लिहिलेल्या. दहा वाजून दोन. मुद्दाम नऊ एकोणसाठ लिहिलं असतं तर मीच काय, देवानेही विचारलं नसतं. मी लाल शाईने त्या पानावर रेघ मारली.

"अरे दोन मिनिटं रे, लेस!" आमचा खजिनदार बार्नी म्हणाला. "सोडून दे ना!"

"सुटलेली गाडी सुटलेली असते," मी म्हणालो. चांगला मोठ्याने म्हणालो.

"त्याचं बरोबर आहे," क्लाइव्ह म्हणाला. "दहा दोन म्हणजे दहा दोन." मग माझ्याकडे बघून विचारलं, "लेस, मी ऐकू येत नव्हतो का रे तुला? बराच वेळ ओरडत होतो."

तिथे मी बोलायला हवं होतं. सगळ्यांसमोर लाज गेली असती, पण दोन शिव्या खाऊन प्रकरण मिटलं असतं. मी म्हणालो, "नाही. तुझी तार कमजोर आहे."

त्याने वही मिटून पिशवीत टाकली. "असेल," म्हणाला. "नवी करतो मग."

फाटक बंद झालं. आणि हा माणूस हिवाळाभर जेवणाच्या टेबलावर तारा करत बसला. नोला वैतागली. "ताट कुठे ठेवू? याच्या डोक्यावर?" तो माप घ्यायचा, कापायचा, डाख द्यायचा. मग फुटबॉलच्या मैदानावर जाऊन काठी उभी करायचा आणि मला हाक मारायचा. "लेस, आता कसा येतोय?"

"छान."

"मागच्यापेक्षा बरा?"

"थोडा."

"डोंगरावरून येईन ना?"

"येशील."

अशा चार तारा त्याने केल्या. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगू. प्रत्येक वेळी मी मूग गिळून गप्प. चौथ्या तारेच्या वेळी तो मैदानातून बोलताना मध्येच थांबून श्वास घेत होता. मी म्हटलं, "घरी जा रे म्हाताऱ्या, थंडी आहे." तो म्हणाला, "तुला आणखी काही सांगायचंय का?" मी म्हटलं, "नाही. का?" तो म्हणाला, "सहज."

ऑगस्टच्या शेवटी त्याला हॉस्पिटलात नेलं. पायांवर सूज, छातीत पाणी. मी दुपारी गेलो. नोला चहा आणायला बाहेर गेली होती. तो उशांना टेकून बसला होता, नाकात नळी. कपच्या सुट्टीला फाटक उघडेल, एवढंच बोलत होता. मला कळत होतं, आता तो कुठला फाटकापर्यंत जातोय. मनाचा हिय्या करून म्हणालो, "क्लाइव्ह, त्या दिवशी ड्रिस्कॉलवर..."

"नऊ छप्पन," तो म्हणाला.

"काय नऊ छप्पन?"

"नऊ छप्पनला तू तुझा सेट जुळवलास. माझ्याच लहरीवर. तुझा तो खटारा जुळवताना शिट्टी वाजते, लेस, आणि शेवटी किंचित खाली उतरते. अख्ख्या व्हिक्टोरियात तसली शिट्टी एकाचीच. मला वर ऐकू आली. म्हटलं, आला आपला माणूस. वही काढून, पेन्सिल धरून बसलो."

सवयीने सेट जुळवला असणार. हात आपोआप करतात ते.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सहा मिनिटं बसलो होतो की मी."

"मग तेव्हाच का नाही बोललास? त्या तारा कशाला केल्यास?"

"तू म्हणालास तार कमजोर आहे. म्हटलं, करू. प्रत्येक वेळी तुला विचारलं. वाटलं, सांगेल कधीतरी." मग जरा हसून म्हणाला, "त्या प्लॅटफॉर्मच्या बोलण्यावरून ना? नोलाने त्याच रात्री मला झापलं होतं. तुझी माफी मागायची होती. पण म्हटलं, आधी तू सांग, मग मी मागतो. आपण दोघंही गाढव आहोत, लेस."

आता बघा, देवाने हातात आणून ठेवलं होतं. 'चुकलो' एवढा तीनच अक्षरांचा शब्द. आणि मला काय झालं? मला राग आला. पकडलं गेल्याचा राग. अख्खा हिवाळा हा मला तपासत होता, मी खोटं बोलतोय हे माहीत असून माझ्याकडून वदवून घेत होता, असं काहीतरी डोक्यात भडकलं. "मला मूर्ख बनवत होतास होय!" म्हणून मी उठलो. "बस तुझ्या तारा घेऊन!" असंही म्हणालो. नळ्या लावलेल्या माणसाला. दारात नोला चहाचे दोन कप घेऊन उभी होती, तिच्या शेजारून मी बाहेर पडलो.

"लेस, अरे बस की!" त्याने मागून हाक मारली. मी वळलो नाही.

घरी पोचेपर्यंत राग उतरला. उद्या जातो म्हटलं. उद्याचा परवा झाला. काय बोलायचं ते ठरवत होतो, आरशासमोर उभं राहून म्हणूनसुद्धा बघितलं. बाराव्या दिवशी सकाळी बार्नीचा फोन आला. पहाटे झोपेतच गेला.

अंत्यविधीनंतर सगळे क्लबातच जमले. नोलाने सॅंडविच केले होते, कुणी खात नव्हतं. बार्नी फळा खाली उतरवून घेऊन आला. सगळ्यांचं एकमत होतं, शंभराच्या ओळीत क्लाइव्हचं नाव लिहायचं. फक्त तपासनिसाची सही हवी. मी पेन काढलंच होतं. माझ्या आयुष्यात मी एवढ्या आनंदाने दुसरी कुठलीच सही केली नसती.

"नको," नोला म्हणाली. "त्याने सांगून ठेवलंय. दहा दोन म्हणजे दहा दोन. नव्व्याण्णवच राहू दे."

बार्नीने फळा परत टांगला. लोक हळूहळू पांगले. मी आणि नोला दोघंच उरलो. ती भांड्यांच्या मोरीशी कप गोळा करत होती. मी तिच्याजवळ गेलो आणि आरशासमोर पाठ केलेलं सगळं विसरून म्हणालो, "नोला, मी चुकलो."

ती थांबली. माझ्याकडे वळून बघितलं. ती चिडलेली नव्हती, तेच मला सोसेना.

"मला कशाला सांगतोस, लेस?" ती म्हणाली आणि नळ सोडून कप विसळायला लागली.