ध्रुवनं कापलेलं वाक्य

अहल्याक्कांनी एकतीस वर्षं एका ट्रॅव्हल एजन्सीत विमानाची तिकिटं काढली होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी भाड्याचे नियम अजून तोंडपाठ. त्यामुळे भावाचा जावई शार्दूल बेंगळुरात बसवनगुडीला त्यांच्या घरी येऊन म्हणाला, "आत्या, आम्ही एक ऑनलाइन गाईड करतोय. प्रवास केला की विमान कंपनी जे पॉइंट देते, त्यांचं. सगळ्यांनी मिळून लिहायचं. तुम्ही हव्याच," तेव्हा त्या नको म्हणाल्या नाहीत.

पहिली बैठक रविवारी एचएसआर लेआउटला, शार्दूलच्या फ्लॅटवर. पुण्याची कस्तुरी आणि नागपूरचा ध्रुव आधीच लॅपटॉप उघडून बसले होते. ध्रुव एका स्टार्टअपमध्ये होता आणि बोलताना हवेत चौकोन काढायचा. गाईडचं नाव काय ठेवायचं यात दीड तास गेला. मग प्रकरणं वाटली. विमानतळावरचं लाउंज कस्तुरीला, बिझनेस क्लास ध्रुवला, मालदीव दोघांनाही हवं होतं, म्हणून भांडण झालं. फुकट मिळणाऱ्या सरबतावर एवढी शिकलेली माणसं तासभर बोलू शकतात, हे अहल्याक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"आणि पॉइंट जमाच झाले नाहीत तर?" त्यांनी विचारलं. "नाव चुकलं, मुदत संपली, घरच्यांचे एकत्र केले... ते कुणी लिहायचं?"

"ते बोअरिंग आहे, आंटी," ध्रुव म्हणाला. "शेवटी टाकू. तुम्हीच घ्या ना."

आंटी! बेंगळुरात जन्मापासून त्या सगळ्यांच्या अक्का होत्या. त्या कन्नडमध्ये एवढंच म्हणाल्या, "सरी." म्हणजे, बरं.

तीन आठवड्यांत अहल्याक्कांची अकरा पानं झाली. प्रत्येक नियम कंपनीच्या अटींशी ताडून पाहिलेला. बाकीच्यांच्या प्रकरणांत मथळे होते आणि मथळ्यांखाली 'लवकरच'. तरी गाईड लोकांसाठी खुलं झालं आणि सगळ्यात वर झळकलं : 'मुख्य संपादक, ध्रुव.'

महिन्याभरानं जे. पी. नगरातल्या स्मिताचा फोन आला. शाळेत शिकवणारी बाई, शार्दूलच्या ओळखीची. गाईड वाचून तिनं आपले सगळे पॉइंट दिराच्या कौटुंबिक खात्यात घातले होते. आईला काशीला न्यायचं ठरल्यावर ते परत मागितले, तर कंपनी म्हणते, एकदा घातलेले निघत नाहीत.

"पण मी तेच लिहिलंय!" अहल्याक्का म्हणाल्या.

"अहो, गाईडमध्ये तर 'कधीही परत घेता येतात' असं आहे."

त्यांनी पान उघडलं. खरंच तसं होतं. बदलांची जुनी नोंद पाहिली, तर त्यांच्या सात ओळी ध्रुवनं एआयकडून छोट्या करून घेतल्या होत्या. सातांची एक झाली होती आणि 'नाहीत' हा शब्द वाटेत कुठंतरी गळून पडला होता.

पुढच्या बैठकीत त्यांनी ते सगळ्यांसमोर ठेवलं. ध्रुवनं मान हलवली. "बघा, हे कोलॅबरेटिव्ह डॉक्युमेंट आहे. सो, जबाबदारीपण कलेक्टिव्ह."

"चूक सगळ्यांची आणि वर नाव तुझं एकट्याचं?"

शार्दूल चहा करायला उठला. कस्तुरी म्हणाली, "आंटी, टोन थोडा पॉझिटिव्ह ठेवू या ना." ज्या माणसाला स्वतःची चूक एका वाक्यात कबूल करता येत नाही, त्याच्यावर आणखी एक वाक्य वाया घालवायचं नाही, असं ठरवून अहल्याक्का उठल्या.

घरी येऊन अटी पुन्हा वाचताना त्यांना खोलवर एक कलम सापडलं : दोन्ही सभासदांनी सही केली, तर तीस दिवसांच्या आत एकत्रीकरण रद्द होतं. स्मितानं पॉइंट घातल्याला त्या दिवशी सव्विसावा दिवस होता. स्मिताच्या दिराला कूर्गच्या सहलीसाठी ते पॉइंट हवे होते, तो सही टाळत होता. अहल्याक्का त्याच्या दारात जाऊन बसल्या. "स्वल्प वेळ लागेल म्हणता? लागू दे. मी इथंच आहे." अर्ध्या तासात त्यानं सही केली. अठ्ठाविसाव्या दिवशी पॉइंट परत आले आणि स्मिताच्या आईचं तिकीट निघालं.

दुसऱ्याच दिवशी गाईडवर नवं प्रकरण आलं : 'आमच्या एका वाचकाला आम्ही कसं वाचवलं.' लेखक, ध्रुव. त्याखाली चाळीस जणांनी टाळ्यांची चिन्हं टाकली होती. अहल्याक्कांनी ते वाचलं, आणि हसूही आलं नाही. मूर्ख माणसाचा राग येतो. हा तर रागाच्याही लायकीचा नव्हता.

दोन महिन्यांत ध्रुव कॉफीच्या गाईडकडे वळला, कस्तुरी नोकरी बदलून गेली. वाचक मात्र वाढत होते, आणि वाचत होते ती फक्त अकरा पानं. अहल्याक्का दर सोमवारी ती तपासत, कुणी काही कापलं असेल तर पुन्हा बसवत.

एके दिवशी शार्दूल आला. चाचरत म्हणाला, "आत्या, मी विचार केला... वर तुमचं नाव घालावं का—"

"घाल," त्या म्हणाल्या.

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत. तो गेल्यावर त्यांना कळलं, त्या किती घाईनं बोलल्या होत्या. इतके महिने ज्या माणसांना त्या मनात नावं ठेवत आल्या, त्यांच्याच रांगेत आपणही उभ्या होतो तर. त्यांना स्वतःची शिसारी आली. तरी संध्याकाळी त्यांनी फोन उघडून पाहिलं, नाव लागलंय का.

लागलं होतं. 'अहल्या'मधला 'ह' शार्दूलनं खाल्ला होता.