पाणी रोज लाल येत होतं

सुप्याच्या एमआयडीसीत, दूध पावडरच्या कारखान्यात मी पाणी तपासायचं काम करते. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. ते तसंच बॉयलरमध्ये गेलं तर नळ्यांवर दगडासारखा थर बसतो, म्हणून आधी सॉफ्टनरच्या टाकीतून काढतात. सकाळी मी त्यातलं थोडं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकते. निळं झालं तर ठीक. लाल म्हणजे क्षार उरलेत.

त्या उन्हाळ्यात रोज लालच येऊ लागलं. टाकीतलं क्षार शोषून घेणारं रेझिन मेलं होतं, मिठाच्या पाण्यानं कितीही धुतलं तरी उपयोग होईना. मी रजिस्टरला लिहिलं, मेल केले, शेवटी मॅनेजरसमोर जाऊन उभी राहिले.

"आईस्क्रीमवाल्यांची ऑर्डर आहे. रेझिन मागवलंय, तोवर चालवा," ते म्हणाले.

बॉयलरवर पाथर्डीकडचे एक मामा होते. तरुणपण ऊसतोडीत गेलेलं, मग परीक्षा देऊन अटेंडंट झालेले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुमी तुमचं लिवा, मॅडम. मी बॉयलरच्या बुडाचा गाळ दिवसाला दोनदा सोडायचो, आता चारदा सोडतो. दुसरं काय आपल्या हातात हाय?"

दोन महिन्यांनी नळी फुटली. वाफेनं मामांचे दोन्ही हात भाजले.

चौकशीत ठरलं, अटेंडंटनं गाळ वेळेवर सोडला नाही.

"सोडत होते. मी रोज बघत होते," मी उठून म्हणाले. "आणि पाणी लाल येतंय हे रजिस्टरला लिहिलंय."

चौकशीच्या साहेबांनी रजिस्टर उघडलं, दोन पानं चाळली, मिटलं. "तुमचं काम तपासायचं. ते तुम्ही केलंत. बसा."

मी बसले.

मामांना काढलं. नवं रेझिन पुढच्याच आठवड्यात आलं. मी राजीनामा दोनदा लिहिला आणि दोनदा फाडला. पाणी तपासणाऱ्या बाईला इथं दुसरीकडे कोण ठेवणार?

मामांच्या खोलीवर गेले तेव्हा मला रडू आवरेना. तेच मामींना म्हणाले, "मॅडमला च्या टाक." मग माझ्याकडे वळून, "तुमी बोलला माज्यासाठी. दुसरं कुनीच बोललं न्हाई."

बोलून काय झालं होतं? हातांना पट्ट्या होत्या, मामी त्यांना बशीनं चहा पाजत होत्या. मी खाली बघत माझा कप संपवला.

दिवाळीच्या आत ते खोली सोडून गावाकडे गेले.